गालिच्यावरून पडद्यावर : जेट लीची कारकीर्द

जेट ली पाच वेळा चीनचा वूशूचा राष्ट्रीय विजेता झाला, पण त्यासाठी त्याला समोरच्या माणसाला ठोसा मारून आडवे करावे लागले नाही. तो ज्या प्रकारात खेळायचा त्यात खेळाडू गालिच्यावर उतरतो, पंचांना अभिवादन करतो आणि आधी बसवलेला हातापायांचा, तलवारीचा किंवा भाल्याचा क्रम एका दमात करून दाखवतो. गालिचा १४ मीटर लांब, ८ मीटर रुंद. वेळ जेमतेम दीड मिनिट. तेवढ्यात उड्या, गिरक्या, लाथा, जमिनीलगतचे पवित्रे, सगळे यायला हवे. शिवाय वाऱ्याच्या वेगाने चाललेले अंग ठरल्या जागी असे थांबायला हवे की बोटही हलता कामा नये. उडीनंतर पाऊल किंचित सरकले तरी गुण कापले जातात.

या प्रकाराला ताओलू म्हणतात. प्रत्यक्ष झुंजीचा प्रकार वेगळा आहे, त्याचे नाव सांदा. त्यात हातमोजे, छातीवर कवच आणि समोर खरा प्रतिस्पर्धी असतो. जेट ली ताओलूचा खेळाडू. त्याला पडद्यावरची मारामारी इतकी कशी साधली असे विचारले की बहुतेक जण म्हणतात, ‘तो खरा लढवय्या होता ना!’ मला हे उत्तर पटत नाही. तो लहानपणापासून जे शिकला ते मुळातच पाहणाऱ्यासाठी होते. दुरून बघणाऱ्या डोळ्याला प्रत्येक हालचाल स्वच्छ वाचता यावी, तिचा आरंभ आणि शेवट कळावा, यासाठी त्याचे अंग घडवले गेले. सिनेमाने ते अंग आयते उचलले. पुढच्या चाळीस वर्षांत त्या अंगाचे कॅमेऱ्याने काय काय केले, ती त्याच्या कारकिर्दीची खरी गोष्ट आहे.

कोल्हापूरचा मर्दानी खेळ ज्यांनी शिवजयंतीच्या मिरवणुकीत पाहिला आहे त्यांना हे चटकन समजेल. दांडपट्टा फिरवणारा पोरगा तिथे कुणाशी लढत नसतो, तरी त्याच्या मनगटातली विद्या लढाईचीच असते. आपल्याकडे ही विद्या वस्तादांनी आणि पेठांमधल्या तालमींनी स्वतःच्या बळावर जपली. चीनमध्ये १९५०च्या दशकात सरकारने निरनिराळ्या घराण्यांच्या विद्या एकत्र करून त्यांचे ठरावीक क्रम बांधले, गुणांची पद्धत ठरवली आणि त्यातून एक राष्ट्रीय खेळ उभा केला. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, म्हणजे १९६६ ते १९७६ या वर्षांत, जुन्या गुरुशिष्य परंपरांकडे संशयाने पाहिले गेले. झुंजीची बाजू मागे पडली आणि दाखवण्याची बाजू पुढे आली. त्या दशकातच जेट ली घडला.

त्याचे मूळ नाव ली लिआनजिए. जन्म २६ एप्रिल १९६३, बीजिंग. पाच भावंडांत सर्वांत धाकटा. दोन वर्षांचा असताना वडील गेले. आई त्याला फार जपायची. पोहणे, सायकल, जिथे पडण्या-बुडण्याची भीती तिथे ती त्याला जाऊच देत नसे. असा मुलगा १९७१च्या उन्हाळ्यात, आठ वर्षांचा असताना, शाळेतर्फे शीचाहाई क्रीडाशाळेत पाठवला गेला. कुठल्या मुलाने कोणता खेळ शिकायचा हे वरून ठरवले जाई. त्याच्या वाट्याला वूशू आले. हा शब्दही त्याला तेव्हा माहीत नव्हता. सुट्टी संपली तेव्हा मोठ्या घोळक्यातून मोजक्या मुलांना पुढेही या असे सांगण्यात आले, आणि त्यांत तो होता.

तिथले प्रशिक्षक वू बिन. या माणसाविषयी स्वतंत्र लेख लिहावा इतके त्यांचे काम मोठे आहे. ते कडक होते, मुलांना थंडीतही उघड्यावर सराव करायला लावत, एकेक पवित्रा पाय थरथरेपर्यंत धरायला लावत. लिआनजिए चपळ होता पण अंगात ताकद कमी होती. वू बिन चौकशी करत घरी पोचले तेव्हा त्यांना कळले की या घरात मांस येतच नाही, परवडतच नाही. मग ते स्वतः मांस विकत घेऊन त्या घरी पोचवू लागले. त्या काळच्या बीजिंगमध्ये प्रशिक्षकाच्या पगारात ही गोष्ट सोपी नव्हती. पुढे ज्या लाथेसाठी जगाने टाळ्या वाजवल्या तिच्यात या मांसाचाही वाटा आहे.

१९७२ साली जीनान शहरात वूशूची राष्ट्रीय पातळीवरची प्रात्यक्षिके झाली आणि तिथे नऊ वर्षांच्या या मुलाला उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला येऊन गेले होते आणि दोन्ही देश चाचपडत एकमेकांजवळ येत होते. त्या जवळिकीचा एक भाग म्हणून १९७४ मध्ये वूशूच्या मुलामुलींचा संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. निघण्याआधी मुलांना बजावण्यात आले की हॉटेलच्या खोल्यांत चोरून ऐकणारी यंत्रे असू शकतात. जेट लीने पुढे सांगितले आहे की त्याने याची परीक्षाच घेतली. खोलीतल्या आरशाशी, फुलदाणीशी तो मोठ्याने बोलला : मला चॉकलेट हवे, मला आइस्क्रीम हवे. परत आला तर त्या गोष्टी खोलीत हजर! व्हाइट हाउसच्या हिरवळीवर प्रात्यक्षिक झाल्यावर निक्सन यांनी त्याला विचारले, ‘मोठा झालास की माझा अंगरक्षक होशील का?’ अकरा वर्षांच्या पोराने उत्तर दिले की मला एका माणसाचे रक्षण करायचे नाही, माझ्या सगळ्या देशबांधवांचे करायचे आहे. तो प्रसंग त्याने स्वतः अनेकदा सांगितला आहे. शिकवलेली भाषा त्यात आहेच, पण हजारो माणसांसमोर न बिचकता उभे राहण्याची सवय त्याला त्या वयातच लागली होती, हेही त्यात दिसते.

ती सवय किती खोल होती याचा दाखला १९७५चा. बीजिंगमध्ये राष्ट्रीय क्रीडास्पर्धा चालू होत्या. बारा वर्षांचा लिआनजिए तलवारीचा क्रम करायला उतरला आणि सुरुवातीलाच तलवारीचे पाते त्याच्या डोक्याला लागले. चेहऱ्यावरून काहीतरी ओघळते आहे हे त्याला जाणवले, पण त्याला तो घाम वाटला. क्रम चालू राहिला. शेवटचा पवित्रा घेऊन, पंचांना अभिवादन करून तो बाहेर आला तेव्हा अर्धा चेहरा आणि कपडे रक्ताने माखले होते. प्रेक्षकांत त्याची आई होती. डोक्याला टाके घालून, पट्टी बांधून तो पुन्हा उतरला आणि त्या स्पर्धेतला सर्वंकष विजेता ठरला. १९७९पर्यंत हा मान त्याने पाच वेळा मिळवला. त्यानंतर पायाच्या दुखापती वाढत गेल्या आणि ज्या वयात इतर खेळाडूंची कारकीर्द भरात येते त्या वयात त्याची स्पर्धा संपली.

तेवढ्यात सिनेमा आला.

‘शाओलिन टेंपल’ हा चित्रपट हाँगकाँगच्या एका कंपनीने चीनच्या भूमीवर काढला. दिग्दर्शक होते झांग शिन्यान. या विषयावर आधी बीजिंग ऑपेराच्या कलावंतांना घेऊन काम सुरू झाले होते, पण ते जमले नाही म्हणून टाकून देण्यात आले. झांग यांनी मग निर्णय घेतला की नट घ्यायचेच नाहीत, थेट वूशूचे खेळाडू घ्यायचे. नायक सतरा-अठरा वर्षांचा लिआनजिए. खलनायक यू चेंगहुई, दोन हातांनी धरायच्या तलवारीचे मोठे जाणकार. मठातले गुरू यू हाई, प्रार्थनाकीटकाच्या चालीवर बेतलेल्या मुष्टिविद्येचे तज्ज्ञ. यांच्यापैकी बहुतेकांनी आधी कॅमेरा पाहिलेला नव्हता. मारामारीची आखणीही याच वर्तुळातल्या जाणकारांनी केली. जेट लीने सांगितल्याप्रमाणे त्याला दिवसाला एक युआन मिळत असे.

चित्रीकरण हेनान प्रांतात, सोंगशान पर्वतातल्या खऱ्या शाओलिन मठात झाले. १९२८ मध्ये एका सेनानीने लावलेल्या आगीत मठाचा मोठा भाग जळाला होता आणि त्यानंतरची दशकेही त्याला सुखाची गेली नव्हती. सिनेमावाले पोचले तेव्हा भिक्खू मूठभर आणि वास्तू मोडकळीला आलेल्या. तरी एका दालनातल्या फरसबंदीवर ओळीने खळगे दिसत होते, पिढ्यान्‌पिढ्या भिक्खूंनी सराव करताना पाय आपटून पडलेले. हा मठ भारतीय वाचकाला परका नाही. दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने याच डोंगरात ध्यान केले अशी परंपरा आहे. मारामारीची विद्याही त्यानेच शिकवली, ही गोष्ट मात्र इतिहासाचे अभ्यासक बऱ्याच नंतरची मानतात.

कथा साधी आहे. तांग राजवटीच्या उदयाचा काळ. बापाचा खून झालेला एक तरुण मठात आश्रय घेतो, विद्या शिकतो आणि पुढे सम्राट होणाऱ्या ली शिमिनला वाचवण्यात भिक्खूंच्या बरोबर लढतो. भिक्खूंनी ली शिमिनला मदत केली याचा शिलालेख मठात आहे, बाकी सारे कल्पिलेले. पण या चित्रपटात पाहण्यासारखी गोष्ट कथेत नाहीच. मध्यावर एक भाग येतो. नायक एकटाच सराव करतो आहे. ऋतू पालटतात, हातातले हत्यार बदलते. कॅमेरा लांब उभा आहे आणि तो हलत नाही. डोक्यापासून पावलापर्यंत सगळा माणूस चौकटीत आहे आणि एकामागून एक वीस-पंचवीस हालचाली मधे न तोडता होतात. संकलकाला कात्री लावायचे कारणच पडत नाही, कारण लपवण्यासारखे काही नाही. गालिच्यावर पंचांनी जे पाहिले असते तेच आपण पाहतो. मला हा भाग त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत निर्मळ वाटतो. पुढे त्याने यापेक्षा चांगले चित्रपट केले, अभिनय तर कितीतरी चांगला केला, पण असे अखंड रूप पुन्हा क्वचित दिसले.

१९८२ मध्ये चित्रपट चीनमध्ये लागला. तिकीट एक जिआओ, म्हणजे युआनचा दहावा भाग. एवढ्या स्वस्त तिकिटावर त्याची कमाई १६ कोटी युआनच्या पुढे गेल्याचे सांगितले जाते. लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. शाळा सोडून पोरे शाओलिनच्या वाटेला लागली. शेजारच्या डेंगफेंग शहरात वूशूच्या निवासी शाळा निघाल्या आणि आज तिथे हजारो मुले मैदानावर रांगा लावून सराव करतात. उजाड होत चाललेला मठ काही वर्षांत देशातले गजबजलेले पर्यटनस्थळ झाला. एका चित्रपटाने एका जागेचे नशीब इतके पालटल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

‘जेट’ हे नाव त्याच सुमाराला चिकटले. फिलिपिन्समध्ये चित्रपटाची जाहिरात करणाऱ्यांना त्याचे चिनी नाव अवघड वाटले, म्हणून त्यांनी हे सुटसुटीत नाव छापले. पुढची काही वर्षे मात्र चाचपडण्यात गेली. शाओलिनवरचे आणखी दोन चित्रपट झाले, स्वतः दिग्दर्शित केलेला एक पडला, आपल्याच संघातल्या खेळाडूशी झालेले लग्न मोडले, काही काळ तो अमेरिकेत राहिला. ‘शाओलिनवाला पोरगा’ एवढीच ओळख उरते की काय, अशी वेळ आली होती.

त्यातून त्याला बाहेर काढले हाँगकाँगच्या त्सुई हार्क या दिग्दर्शकाने. १९९१ चा ‘वन्स अपॉन अ टाइम इन चायना’. नायक वोंग फेई-हुंग हा दक्षिण चीनमधला, एकोणिसाव्या शतकातला खरा माणूस. फोशानचा वैद्य आणि मुष्टिविद्येचा गुरू. हाँगकाँगच्या लोकांच्या मनात या वोंगचा चेहरा म्हणजे क्वान तक-हिंग या नटाचा चेहरा. १९४९ पासून त्यांनी सत्तरहून अधिक चित्रपटांत ही एकच भूमिका केली होती, पिकल्या वयाचा धीरगंभीर गुरुजी म्हणून. त्या जागी अठ्ठावीस वर्षांचा, उत्तरेचा, बीजिंगचा तरुण! दक्षिणेची मूठ आणि उत्तरेचा पाय असे चिनी लोक म्हणतात. दक्षिणेकडचे घराणे ठाम उभे राहून हातांनी लढते, उत्तरेकडचे लांब झेपा आणि उंच लाथा मारते. घराण्याच्या अभिमान्यांना हा वोंग खटकणे साहजिक होते.

पण जेट लीने त्या भूमिकेला एक पवित्रा दिला आणि तोच लोकांच्या डोळ्यांत बसला. एक पाय पुढे, एक हात पाठीमागे बांधलेला, दुसरा पुढे पसरलेला, तळवा आभाळाकडे, जणू समोरच्याला ‘या, बसा’ म्हणतो आहे. सभ्यता आणि आव्हान एकाच हातात. गालिच्यावर शिकलेले थांबणे इथे अभिनय झाले. हा माणूस हलण्यापूर्वी इतका शांत उभा राहतो की बघणाऱ्याला पुढच्या लाथेची वाट पाहावी लागते.

या चित्रपटात कॅमेऱ्याने त्याच्याशी नवा व्यवहार केला. आता जेट ली अंगाला बांधलेल्या तारांवर हवेत चढला. शेवटची झुंज गोदामात बांबूच्या शिड्यांवर आहे. शिडी पडते, दुसऱ्या शिडीवर तोल धरते, माणसे तिच्या पायऱ्यांतून आरपार जातात. चित्रीकरणात त्याचा पाय दुखावला होता, म्हणून काही ठिकाणी श्योंग शिनशिन या सहकाऱ्याने त्याच्या जागी काम केले. तारांवरच्या मारामारीला शुद्ध वूशूवाले नाक मुरडतात. मला वाटते, तार प्रत्येकाला साधत नाही. तारेने ओढलेला साधा नट हवेत पोत्यासारखा लोंबकळतो. कमरेचा ताण, पायाची बोटे ताणलेली, मान सरळ हे सगळे हवेतही राखायला आधी जमिनीवर वर्षानुवर्षे उड्या मारलेल्या असाव्या लागतात. १९९२ च्या दुसऱ्या भागात त्याच्यासमोर डॉनी येन हा नट आहे. तोही काही काळ बीजिंगला वू बिन यांच्या संघाबरोबर शिकलेला. एकाच तालमीतले दोन देह समोरासमोर आले की झुंजीला कशी लय येते, ते त्या भागात पाहावे.

बाहेरचे जग मात्र सुंदर नव्हते. हाँगकाँगच्या चित्रपटधंद्यात तेव्हा गुन्हेगारी टोळ्यांचा मोठा शिरकाव होता. एप्रिल १९९२ मध्ये जेट लीचे व्यवहार पाहणाऱ्या जिम चॉय यांचा गोळ्या घालून खून झाला. कलावंत रस्त्यावर उतरून टोळ्यांच्या दडपशाहीचा निषेध करत होते, ते याच वर्षी. अशा वातावरणात जेट लीने १९९२ ते १९९४ या काळात डझनभर चित्रपट केले. काही झटपट उरकलेले, काही फार चांगले.

त्यांतला ‘फिस्ट ऑफ लेजंड’ (१९९४) सर्वांच्या वर. ब्रूस लीच्या १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ची ही नवी मांडणी, दिग्दर्शक गॉर्डन चॅन, मारामारीची आखणी युएन वू-पिंग यांची. जपानी ताब्यातले शांघाय, गुरूच्या मृत्यूचा बदला घेणारा शिष्य चेन झेन. ब्रूस ली त्या भूमिकेत आग होता, संतापाने थरथरणारा. जेट लीचा चेन झेन विचार करणारा आहे. यासुआकी कुराता या जपानी कराटेपटूबरोबरची त्याची झुंज उघड्या माळावर होते. वारा सुटतो, डोळ्यांत धूळ जाते आणि दोघे ठरवून डोळ्यांना पट्ट्या बांधून लढतात. त्यात द्वेष नाही, एका जाणकाराची दुसऱ्या जाणकाराने घेतलेली पारख आहे. शेवटी समोर येतो बिली चाऊ, किकबॉक्सिंगचा माजी विजेता. तारांचा वापर इथे अगदी कमी. हाच चित्रपट पाहून ‘द मॅट्रिक्स’च्या दिग्दर्शकांनी युएन वू-पिंग यांना अमेरिकेत बोलावून घेतले. हॉलिवूडच्या मारामारीची रीत पुढची दहा वर्षे ज्याने बदलून टाकली, त्या बदलाची मुळे या शांघायच्या गोष्टीत आहेत.

हॉलिवूडमध्ये जेट ली गेला तो खलनायक म्हणून. ‘लीथल वेपन ४’ (१९९८) मध्ये त्याला संवाद फार थोडे. पण एका क्षणी मेल गिब्सन त्याच्यावर पिस्तूल रोखतो आणि जेट ली डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्या पिस्तुलाचा वरचा भागच काढून घेतो. चित्रपटगृहात लोक त्या एका क्षणावर ओरडत. त्याचा वेग चित्रफितीवर नीट उमटत नाही म्हणून त्याला सावकाश हालचाली करायला सांगावे लागले, हेही तेव्हाच गाजले. १९९९ मध्ये त्याने अभिनेत्री नीना ली ची हिच्याशी लग्न केले.

नायक म्हणून पहिला अमेरिकी चित्रपट ‘रोमिओ मस्ट डाय’ (२०००). चालला उत्तम, पण मला तो पाहताना चुटपुट लागते. लाथ सुरू होते एका तुकड्यात, लागते दुसऱ्यात, समोरचा पडतो तिसऱ्यात. हाडे मोडताना दाखवायला क्ष-किरणासारखी चित्रे मधे येतात. अमेरिकी पद्धतीत नटाला मारामारी येत नाही हे गृहीत धरून तुकडे केले जातात आणि त्या तुकड्यांतून वेग निर्माण केला जातो. ज्याला सगळे येते त्याच्यावरही तीच कात्री चालली. फ्रान्समध्ये ल्यूक बेसाँ यांच्याबरोबर केलेल्या ‘किस ऑफ द ड्रॅगन’ (२००१) मध्ये तो पुन्हा जमिनीवर आला. आणि २००५ च्या ‘अनलीश्ड’मध्ये, ग्लासगोच्या पार्श्वभूमीवर, त्याने फार वेगळे काम केले. सावकाराने कुत्र्यासारखा वाढवलेला माणूस. गळ्यातला पट्टा काढला की तो तुटून पडतो, घातला की मान खाली. यात एक झुंज एका अरुंद शौचालयात आहे. दोन माणसांना नीट उभे राहायला जागा नाही, हात सरळ होत नाही, लाथ मारायला अंतर नाही. गालिच्यावर लांब पल्ल्याच्या हालचाली शिकलेला माणूस तिथे कोपर, गुडघा आणि भिंत यांवर लढतो. मॉर्गन फ्रीमनसमोर बसून आइस्क्रीम खाणारा तोच माणूस लहान मूल वाटतो. मारामारी आणि अभिनय दोन वेगळी खाती आहेत, हा समज या चित्रपटात निकालात निघतो.

मधल्या काळात त्याने जे नाकारले तेही सांगायला हवे. ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ त्याने सोडला, कारण पत्नी गरोदर होती आणि त्या काळात काम न करण्याचा शब्द त्याने दिला होता. ‘द मॅट्रिक्स’च्या पुढच्या भागांतही त्याला भूमिका देऊ केली होती. ती का नाकारली हे त्याने २०१८ मध्ये सांगितले. चित्रीकरणाशिवाय त्याच्या सगळ्या हालचाली संगणकात नोंदवून घ्यायच्या होत्या आणि त्या नोंदींची मालकी कंपनीकडे राहणार होती. त्याने विचार केला : आयुष्यभर घासून कमावलेली विद्या त्यांच्या पेटीत जाईल, उद्या ते तिच्यावर दुसऱ्याचा चेहरा बसवतील, आणि माझे वय तर वाढतच जाणार. २०२३ मध्ये हॉलिवूडच्या कलावंतांनी जो मोठा संप केला त्यात आपल्या देहाच्या संगणकी प्रतीवर हक्क कुणाचा, हा एक प्रमुख प्रश्न होता. जेट लीला तो वीस वर्षे आधी पडला, कारण आपली मालमत्ता नेमकी कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

चीनमध्ये परतून त्याने झांग यिमोऊ यांचा ‘हीरो’ (२००२) केला. क्रिस्टोफर डॉइल यांचे छायाचित्रण, प्रत्येक कथनाला वेगळा रंग. सुरुवातीलाच पावसात, बुद्धिबळाच्या वाड्यात, पुन्हा डॉनी येन समोर आहे. एक वृद्ध माणूस तंतुवाद्य वाजवतो, दोघे डोळे मिटतात आणि झुंज आधी मनात होते. थेंब पडताना, भाल्याचे पाते वाकताना दिसते. इथे कॅमेरा त्या देहाला तोडत नाही आणि निव्वळ नोंदवतही नाही, त्याच्याबरोबर थांबतो. हा चित्रपट अमेरिकेत २००४ मध्ये लागला आणि पहिल्या आठवड्यात कमाईत पहिला आला, तोही चिनी भाषेत. २००६ मध्ये ‘फिअरलेस’ आला, हुओ युआनजिआ या खऱ्या मुष्टियोद्ध्यावरचा. हा आपला वूशूवरचा अखेरचा भव्य चित्रपट, असे जेट लीने जाहीर केले. लोकांनी त्याचा अर्थ निवृत्ती असा घेतला. त्याला म्हणायचे होते की या विद्येविषयी पडद्यावर सांगायचे ते सांगून झाले.

त्याच्या या बोलण्यामागे एक मोठा धक्का होता. २६ डिसेंबर २००४ ला तो मुलींसह मालदीवमध्ये होता. त्सुनामीचे पाणी हॉटेलात शिरले तेव्हा मुलींना उचलून निघताना पाणी गळ्यापर्यंत चढले. त्याच्या पायाला दुखापत झाली. आसपासच्या माणसांनी हात दिला म्हणून सगळे वाचले. त्यातून २००७ मध्ये ‘वन फाउंडेशन’ ही संस्था उभी राहिली. कल्पना अगदी साधी : एका माणसाने महिन्याला एक युआन द्यायचा. पुढच्याच वर्षी सिचुआनमध्ये भीषण भूकंप झाला आणि संस्थेची कसोटी लागली. चीनमध्ये सार्वजनिक देणग्या गोळा करण्याचा अधिकार तेव्हा जवळपास सरकारी संस्थांपुरताच होता. वन फाउंडेशन रेडक्रॉसच्या छत्राखाली सुरू झाली आणि २०१०च्या अखेरीस शेंझेनमध्ये स्वतंत्र नोंदणी मिळवू शकली. खाजगी पुढाकारातून निघालेल्या संस्थेला असा अधिकार मिळणे त्या देशात मोठी गोष्ट होती. पुढची काही वर्षे त्याचा बहुतेक वेळ या कामात गेला.

दरम्यान ‘द वॉरलॉर्ड्स’ (२००७) साठी त्याला हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. चिखलात, थकव्यात, महत्त्वाकांक्षेत रुतत गेलेला सेनापती त्याने केला होता. आणि २०१० मध्ये ‘ओशन हेवन’. यात एकही झुंज नाही. मत्स्यालयात काम करणारा, कर्करोगाने थोडेच दिवस उरलेला बाप आणि त्याचा स्वमग्न तरुण मुलगा. आपण गेल्यावर पोराला जगता यावे म्हणून तो त्याला अंडे फोडायला, बसमध्ये चढून योग्य थांब्यावर उतरायला शिकवतो. तीच गोष्ट पुन्हा, पुन्हा, न चिडता. मग तो कासवाच्या पाठीसारखा पोशाख करून मुलाबरोबर पाण्यात पोहतो, म्हणजे पुढे पाण्यातल्या कासवात मुलाला बाप दिसेल. खांदे पडलेला, चष्मा लावलेला हा माणूस जेट ली आहे हे काही वेळाने आपण विसरतो. एकच हालचाल शंभर वेळा करवून घेणाऱ्या गुरूच्या हाताखाली ज्याचे बालपण गेले, त्याला या बापाचा धीर कळला नसता तरच नवल.

देहाने मात्र हिशेब मागितला. गुडघे, पाठीचा कणा यांच्या जुन्या दुखापती होत्याच. त्यात थायरॉइड ग्रंथी अतिरिक्त काम करण्याचा विकार जडला. २०१३ मध्ये त्याने तो उघड सांगितला. औषधांनी वजन वाढले आणि हृदयाची गती वाढू नये म्हणून जोराचा व्यायाम टाळावा लागला. २०१८ मध्ये तिबेटमध्ये काढलेला त्याचा एक फोटो जगभर फिरला. विरळ केस, ओढलेला चेहरा. लोक हळहळले. पण पन्नाशी ओलांडलेला, अर्धे आयुष्य उड्यांवरून आदळण्यात गेलेला माणूस आणखी कसा दिसणार? २०२० च्या ‘मुलान’मध्ये तो सम्राट झाला, बहुतेक वेळ सिंहासनावर. हलण्याची गरज नसलेली भूमिका, आणि तरी पाठ ताठ.

वू बिन यांच्या त्या क्रीडाशाळेतून आणखी एक मुलगा पुढे आला, वू जिंग. त्याने दिग्दर्शित केलेल्या आणि स्वतः नायक असलेल्या ‘वूल्फ वॉरिअर २’ने २०१७ मध्ये साडेपाचशे कोटी युआनच्या पुढे कमाई केली. पडद्याबाहेर, खेळ म्हणून वूशू १९९० पासून आशियाई स्पर्धांत आहे. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत भारताच्या नाओरेम रोशिबिना देवीने सांदामध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा आपल्याकडच्या क्रीडापानांवरही हा खेळ आला.

ज्यांनी जेट लीचे काहीच पाहिलेले नाही त्यांना मी ‘फिस्ट ऑफ लेजंड’पासून सुरुवात करायला सांगेन, मग ‘शाओलिन टेंपल’, मग ‘अनलीश्ड’. हिंदीत डब झालेली प्रत मिळाली तरी चालेल, पण चौकट कापलेली प्रत घेऊ नका, कारण त्यात पावले जातात. नजर सहज हातांवर जाते. ती खाली आणा. ठोसा सुटण्याच्या आधी मागच्या पायाची टाच कशी वळते, तिथून जोर कमरेत आणि मग खांद्यात कसा चढतो, ते दोन-तीनदा मागे नेऊन बघा. ‘शाओलिन टेंपल’मधल्या त्या सरावाच्या भागात हे सगळे एकाच चौकटीत, न तुटता दिसते.